आठ वर्षांच्या मुलीला प्रभुभोजन द्यावे की नाही?

वानवडीकर | रविवार, दुपारी २:१०

नमस्कार. हा प्रश्न इथे मांडावा की घरातच ठेवावा, यावर दोन आठवडे विचार केला आणि मग लिहायला बसलो.

मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा आहे. आजोबांच्या पिढीपर्यंत आमचे घर अँग्लिकन होते. पत्नी रोमन कॅथलिक आहे. मुलगी आठ वर्षांची असून तिसरीत शिकते. ती सहा महिन्यांची असताना तिचा बाप्तिस्मा माझ्या चर्चमध्ये झाला. आम्ही एक रविवार माझ्या चर्चला आणि दुसरा रविवार पत्नीच्या चर्चला जातो, त्यामुळे मुलीला आमची उपासनाही ठाऊक आहे आणि कॅथलिकांची उपासना, म्हणजे मिस्साही.

गेल्या महिन्यात आमच्याकडे प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, होते. ती नेहमीप्रमाणे माझ्याशेजारी वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकून बसली. आमचे पाळकसाहेब लहान मुलांच्या डोक्यावर हात ठेवतात आणि पुढे सरकतात. त्या दिवशी मात्र तिने डाव्या तळहाताखाली उजवा तळहात धरून दोन्ही हात पुढे केले. मावसबहिणीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या (प्रभुभोजनाला कॅथलिक असे म्हणतात) वेळी तिने हे पाहिले होते. पाळकसाहेब थबकले. भाकरीचा तुकडा त्यांच्या चिमटीत होता. तो त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि तिच्या डोक्यावर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ हात ठेवला. आम्ही उठेपर्यंत तिने हात मागे घेतले नाहीत.

परतताना स्कूटरवर तिने मागून विचारले, "ती माझ्याहून तीनच महिन्यांनी मोठी आहे. तिला कळते ते मला का कळत नाही?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपापल्या चर्चमध्ये मुलांना केव्हा देतात, आणि मुख्य म्हणजे का, हे सभासदांनी सांगावे अशी विनंती आहे.

नानापेठेतली_बाई | रविवार, दुपारी ३:०५

वानवडीकर, मी कॅथलिक असून बावीस वर्षे पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा वर्ग घेत आहे, म्हणून आमची बाजू मांडते.

आमच्याकडे अट वयाची नाही, समजेची आहे. सात वर्षे पूर्ण झाल्यावर मुलाला बरेवाईट कळते असे कायदा गृहीत धरतो, इतकेच. पोप दहावे पायस यांनी ८ ऑगस्ट १९१० रोजी काढलेल्या 'क्वाम सिंग्युलारी' या आदेशाने हे ठरले. त्याआधी युरोपात कित्येक ठिकाणी मुलांना दहा, बारा, क्वचित चौदा वर्षांपर्यंत थांबवून ठेवत. मुलाला सगळे धर्मतत्त्व समजण्याची गरज नाही, ही भाकर आणि रोजची भाकर यांतला फरक त्याला कळला की पुरे, असे त्या आदेशात म्हटले आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ९१३ आणि ९१४ ही कलमेही त्याच वाटेने जातात. पुरेसे ज्ञान आणि काळजीपूर्वक तयारी हवी, आधी पापनिवेदन व्हायला हवे, आणि हे सर्व वेळेवर घडवून आणण्याची जबाबदारी आईवडील व धर्मगुरू यांची आहे. मूल मरणासन्न असेल तर तयारीची अटही गळून पडते. तेव्हा ख्रिस्तशरीर आणि साधे अन्न यांतला भेद ओळखता येणे आणि ते आदराने स्वीकारता येणे एवढेच पाहिले जाते.

प्रत्यक्षात आमच्या पॅरिशमध्ये मुले तिसरी-चौथीत असताना वर्ग होतो. शेवटच्या महिन्यात मी त्यांना अभिमंत्रित न केलेल्या वेफर देऊन सराव करून घेते. गेल्या वर्षी एका मुलाने ती टाळूला चिकटवून घेतली आणि पूर्ण वर्गभर जिभेने सोडवत बसला. पुढच्या रविवारी तोच मुलगा मला विचारत होता, "टीचर, खऱ्या वेळी चिकटली तर येशूला दुखेल का?" ज्याला हे सुचते त्याला फरक कळलेला आहे, असे मी फादरांना सांगितले.

पाळकाची_नात | रविवार, दुपारी ४:४०

वानवडीकर, मी तुमच्याच परंपरेतली आहे. अँग्लिकन रीत अशी की दृढीकरण, म्हणजे बिशपांनी डोक्यावर हात ठेवून बाप्तिस्म्यातला विश्वास पक्का करण्याचा विधी, झाल्याशिवाय मेजापाशी येता येत नाही. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात दृढीकरणविधीच्या शेवटी तशी सूचनाच आहे. ज्याचे दृढीकरण झाले आहे, किंवा जो त्यासाठी तयार आणि उत्सुक आहे, त्यालाच प्रभुभोजन द्यावे. ही सूचनाही नवी नाही. तेराव्या शतकात कँटरबरीचे आर्चबिशप पेकहॅम यांनी १२८१ साली तसा नियम केला होता. त्याचे एक कारण असे सांगतात की लोक दृढीकरणाकडे दुर्लक्ष करत होते आणि त्यांना त्या विधीकडे आणण्यासाठी भोजनाची अट घातली गेली.

माझे दृढीकरण पंधराव्या वर्षी झाले. सहा महिने दर शनिवारी आजोबांपुढे बसून प्रेषितांचा विश्वासांगीकार, दहा आज्ञा आणि प्रश्नोत्तरी पाठ केली. बिशपसाहेबांनी डोक्यावर ठेवलेल्या हातांचे वजन मला अजून आठवते. त्यामुळे थांबण्यात काही वाईट आहे असे मला वाटत नाही. ज्या गोष्टीची वाट पाहिली, तिची किंमत कळते.

खडकीचा_मल्याळी | रविवार, संध्याकाळी ६:१५

माझे मराठी शाळेत शिकलेले आहे, चुका पोटात घाला.

आम्ही मलंकर ऑर्थोडॉक्स. आमच्याकडे हा प्रश्न उद्भवत नाही, कारण बाप्तिस्मा, मूरोन या पवित्र तेलाचा अभ्यंग आणि कुर्बान म्हणजे प्रभुभोजन ही तिन्ही एकाच दिवशी होतात. माझ्या मुलाला पाचव्या महिन्यात कुर्बान मिळाली. अच्चन म्हणजे आमचे धर्मगुरू, त्यांनी ओठांना लावली तेव्हा त्याने तोंड वाकडे केले आणि मग आणखी हवे म्हणून मान पुढे केली. ग्रीक, रशियन, कॉप्टिक अशा सर्व पूर्वेकडील चर्चमध्ये तान्ह्या मुलांना देण्याची प्रथा अखंड चालत आली आहे.

नानापेठेतल्या बाईंनी समजेचा मुद्दा मांडला. आमची विचारणा अशी असते की, बाप्तिस्मा देताना तुम्ही त्या बाळाची समज तपासली का? तेव्हा नाही तपासली, तर मग जेवायच्या वेळीच का तपासता? मूल घरात जन्मते तेव्हा लोक त्याच्याशी बोलू लागतात, आणि व्याकरण ते पुढे शाळेत शिकते. व्याकरण येईपर्यंत त्याच्याशी कुणी बोललेच नाही, तर ते मुके राहील.

तळेगाव_दाभाडे | रविवार, संध्याकाळी ६:३१

म्हणजे मी पाठ केलेली सगळी प्रश्नोत्तरी फुकट गेली.

मार्थोमन_बाणेर | रविवार, संध्याकाळी ७:०२

खडकीच्या बंधूंच्या माहितीला एक पुरवणी जोडतो. केरळचे सगळे सीरियन ख्रिस्ती याबाबत एकसारखे नाहीत. आम्ही मार थोमा चर्चचे. आमच्याकडे मुलांचा वर्ग घेऊन, त्यांची तयारी झाल्यावर पहिली कुर्बान दिली जाते. उपासनेचे मूळ एकच, पण आमच्यात एकोणिसाव्या शतकात सुधारणा झाली आणि तिच्याबरोबर समजून घेण्यावरचा भर आला.

बखरवाचक | रविवार, रात्री ९:२०

इथे एक गैरसमज राहू नये म्हणून थोडा इतिहास लिहितो. तान्ह्या मुलांना प्रभुभोजन देणे ही केवळ पूर्वेची रीत आहे असे आपण धरून चाललो आहोत, पण पश्चिमेतही ती कित्येक शतके होती. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी इ.स. २५१ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात एका तान्ह्या मुलीचा प्रसंग आहे. छळाच्या काळात दाईने तिला मूर्तीपुढच्या नैवेद्यातले काही भरवलेले होते आणि नंतर चर्चमध्ये सेवक तिच्या ओठांना प्याला लावतो तेव्हा ती तोंड घट्ट मिटून घेते. सिप्रियन यांचा रोख वेगळ्याच मुद्द्यावर आहे, परंतु तान्ह्या मुलीला प्याला दिला जात होता याचे त्यांना काहीच नवल वाटत नाही, हे लक्षात घ्यावे. पुढे ऑगस्टीन यांनीही योहानाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायाचा आधार घेऊन मुलांनाही हे अन्न आवश्यक असल्याचे लिहिले.

मग ही प्रथा गेली कशी? बाराव्या शतकाच्या आसपास पश्चिमेत दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे, अभिमंत्रित भाकरीचा कण सांडू नये याची धास्ती वाढली. दुसरे म्हणजे, सामान्य लोकांना प्याला देणे हळूहळू बंद झाले. तान्ह्या मुलाला घास गिळता येत नाही, म्हणून त्याला द्राक्षारसाचा थेंबच देत असत. तोच गेल्यावर मुलाच्या वाट्याला काही उरले नाही. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने (पश्चिमेकडील चर्चच्या धर्मसभेने) समज आलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा पापनिवेदन करावे आणि ईस्टरला ख्रिस्तप्रसाद घ्यावा असे ठरवले, आणि 'समज' हा शब्द तिथून रूढ झाला. १५६२ मध्ये ट्रेंट परिषदेने लहान मुलांना याची आवश्यकता नाही असे सांगितले. मात्र प्राचीन काळी देत होते म्हणून त्यांना दोष देऊ नये, असेही त्याच ठिकाणी जोडले.

मधल्या काळात एक अपवादही झाला. पंधराव्या शतकात बोहेमियातील सुधारक यान हुस यांच्या अनुयायांनी सर्वांना प्याला परत दिला, आणि त्याबरोबर तान्ह्या मुलांनाही.

तेव्हा धर्मशास्त्र पुष्कळ नंतर आले. आधी कपातून थेंब सांडला.

नानापेठेतली_बाई | रविवार, रात्री ९:५२

बखरवाचक, शेवटचे वाक्य चटकदार आहे, पण पटले नाही. समजेचा आग्रह केवळ सोयीसाठी आला असता तर तो इतकी शतके टिकला नसता. पौलाचे शब्द आधीपासून होतेच.

प्रभूचे_मेज | रविवार, रात्री १०:१८

नेमके तेच लिहायला आलो होतो. आमची मंडळी पिंपरीला आहे. आम्ही विश्वास धरून घेतलेला बाप्तिस्माच मानतो. त्यामुळे मूल स्वतः तोंडाने कबुली देऊन पाण्यात उतरेपर्यंत त्याला भाकर आणि प्याला मिळत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायात पौल म्हणतो की माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावे. तान्हे मूल परीक्षा कशी करील? ज्या चर्चमध्ये मुलांचा बाप्तिस्मा करतात तिथेही सगळ्यांना हा मुद्दा डावलता आलेला नाही. सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन यांनी मुलांच्या बाप्तिस्म्याचे जोरदार समर्थन केले, पण त्याच प्रकरणात मुलांना भोजन देण्याच्या प्रथेला विरोध केला, आणि तोही याच वचनाच्या आधारे.

आमच्याकडे एकच अखंड पाव असतो. तो हातोहात फिरतो आणि प्रत्येक जण आपला तुकडा मोडून घेतो. माझी धाकटी पाव माझ्याकडून घेते, वास घेते आणि शेजारच्या काकूंकडे देते. नऊ वर्षे हेच चालले आहे. तिला वगळले असे तिला वाटत नाही, कारण पाव तिच्या हातातूनच जातो.

पाळकाची_नात | सोमवार, सकाळी ७:३०

दादा, त्या अध्यायाचा आधीचा भाग वाचल्याशिवाय ते वचन वापरणे बरोबर नाही. करिंथमध्ये काय चालले होते? खातेपिते लोक आधी येऊन जेवून घेत, काही जण तर झिंगत, आणि कामकरी उशिरा येऊन उपाशी राहत. पौल रागावला आहे तो या पंक्तिप्रपंचावर. शरीर ओळखा असे तो म्हणतो, त्यात मंडळी हे एक शरीर आहे हा अर्थ पुढच्याच अध्यायात येतो. पंगतीतून दुबळ्यांना वगळू नका असे सांगणारे वचन आपण पंगतीतून मुलांना वगळण्यासाठी वापरतो, हे माझ्या आजोबांनाही खटकत असे, जरी त्यांनी नियम मोडला नाही.

काल मी थांबण्याच्या बाजूने लिहिले होते, हे मला आठवते आहे. रात्री झोप लागली नाही.

नगरी_माणूस | सोमवार, सकाळी ९:०५

आमचे घराणे मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मीचे). आमच्याकडे समता पूर्ण आहे: मुलालाही मिळत नाही आणि आजोबांनाही मिळत नाही. १८८३ पासून मुक्तिफौजेने प्रभुभोजनाचा विधीच ठेवलेला नाही. प्रत्येक जेवण प्रभूची आठवण करून घ्यावे, असे आम्हाला शिकवले. त्यात मद्यपान सोडलेल्या माणसाच्या ओठांना पुन्हा प्याला लागू नये हीही काळजी होती.

लहानपणी मित्राबरोबर त्याच्या चर्चला गेलो, तेव्हा मला फार हेवा वाटला होता, हे मात्र कबूल करतो.

वसईची_लेक | सोमवार, दुपारी १:१५

सध्या मुक्काम वडगाव शेरी. ख्रिस्तप्रसादाच्या वेफरला आमच्याकडे वसईत ओस्ती म्हणतात. माझी आजी सांगत असे की तिच्या लहानपणी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता मिस्साला जावे लागे. मुले रांगेत घेरी येऊन पडत. आजीच्या वहिनीने पहाटे चूल पेटवताना विसरून गूळ तोंडात टाकला आणि मग सगळे जण वेदीकडे गेले तरी ती बाकावर बसून राहिली. सगळ्या गावाने तिच्याकडे वळून पाहिले. पुढे १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आला आणि १९६४ पासून एक तासावर.

आता उपवास तासाभराचा उरला आणि खर्च मात्र वर्षभराचा झाला. पांढरा झगा, मुकुट, हॉल, केटरर, छायाचित्रकार. माझ्या भाचीला तिच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवसातले काय आठवते, असे विचारले तर ती चॉकलेटचे कारंजे सांगते. वानवडीकरांच्या मुलीने नुसते हात पुढे केले, आणि तेही साध्या फ्रॉकमध्ये, हे मला फार बरे वाटले.

सदाशिवपेठी | सोमवार, संध्याकाळी ५:४०

मी ख्रिस्ती नाही. धागा वाचता वाचता राहवले नाही म्हणून लिहितो. गृह्यसूत्रात ब्राह्मण मुलाची मुंज आठव्या वर्षी सांगितली आहे आणि इथेही सात-आठचाच घोळ चालू आहे, याची गंमत वाटली. दुसरी शंका प्रामाणिक आहे: आमच्या देवळात प्रसाद देताना कुणी वय विचारत नाही, कडेवरच्या मुलालाही साखरफुटाणे मिळतात. तुमच्याकडे एवढी चौकशी का?

बखरवाचक | सोमवार, संध्याकाळी ६:२५

सदाशिवपेठी, शंका रास्त आहे. प्रसाद कुणालाही द्यायचा असतो. प्रभुभोजन हे मंडळीच्या पंगतीत बसणे आहे, आणि पंगतीत कोण बसते हा प्रश्न आपल्या पुण्याला अजिबात नवा नाही. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांच्या मागे ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचे प्रकरण, लागले. तिथे तर कुणी बाप्तिस्माही घेत नव्हते, चहाचा कप होता. एकत्र खाण्याने माणूस कुणाचा ठरतो, हे तेव्हाच्या पेठांनाही नीट ठाऊक होते आणि चर्चलाही ठाऊक आहे. म्हणून दाराशी चौकशी असते.

सदाशिवपेठी | सोमवार, संध्याकाळी ६:४१

समजले. माझ्या पणजोबांनी त्या चहाबद्दल काय म्हटले असेल याची कल्पना न केलेलीच बरी.

मोठे_काका | सोमवार, रात्री १०:५०

मी वयाने इथल्या बहुतेकांपेक्षा मोठा आहे. समजेविषयी सर्वांनी लिहिले म्हणून एक प्रसंग सांगतो.

माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम होता. त्या काळी हा शब्द आमच्या घरात कुणाला माहीत नव्हता. आई फक्त "आमचा बाळू हळू आहे" म्हणे. आमचे चर्च दृढीकरण मानणारे होते. बाळूला प्रभूची प्रार्थना अर्धी येत असे, विश्वासांगीकार येत नसे, आज्ञा येत नसत. त्यामुळे त्याचे दृढीकरण झाले नाही. आम्ही सगळे वेदीपाशी जायचो आणि तो बाकावर आईची पर्स सांभाळत बसायचा. असे तो एक्केचाळीस वर्षांचा होईपर्यंत चालले. कुणी वाईट हेतूने केले असे मी म्हणत नाही, तेव्हाच्या पाळकांना तसेच शिकवले होते.

मग एक तरुण पाळक आले. त्यांनी दोन-तीन रविवार पाहिले, एका संध्याकाळी घरी आले, बाळूशेजारी पलंगावर बसले आणि त्याला विचारले, "रविवारी सगळे पुढे जातात ते कशाला?" बाळू म्हणाला, "येशूकडे. मी पर्स बघतो." पाळकसाहेबांनी बराच वेळ काही विचारले नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी बिशपांची परवानगी आणली.

बाळूला भाकर दिली तेव्हा त्याने ती मोडली, अर्धी तोंडात टाकली आणि अर्धी आईच्या हातात कोंबली. आईचा तुकडा तिने आधीच खाल्लेला होता. तिने तोही खाल्ला. पर्स त्या दिवशी मी सांभाळली.

वानवडीकर, तुमच्या मुलीचा प्रश्न मी दोनदा वाचला.

प्रभूचे_मेज | मंगळवार, सकाळी ६:५५

काका, मी माझ्या मतावर आहे, परंतु बाळूच्या बाबतीत मी काय केले असते हे मला सांगता येत नाही.

कायदेकानू | मंगळवार, दुपारी १२:३०

भावनांचा आदर राखून व्यावहारिक बाजू मांडतो, कारण मूळ प्रश्न मागे पडतो आहे.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चच्या एकीकरणातून झाले. त्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचे होते, मेथडिस्टांची एक शाखा होती, बॅप्टिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्सही होते. म्हणून तिथे दोन्ही वाटा मान्य आहेत: एक, लहानपणी बाप्तिस्मा आणि मोठेपणी विश्वासाची जाहीर कबुली, दुसरी, लहानपणी समर्पण आणि मोठेपणी बाप्तिस्मा. वानवडीकरांची मुलगी पहिल्या वाटेवर आहे.

जगभरच्या अँग्लिकन चर्चमध्येही मते बदललेली आहेत. १९८५ मध्ये बॉस्टन येथे अँग्लिकन उपासना-तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय बैठक झाली आणि भोजनाला येण्यासाठी बाप्तिस्मा हीच पात्रता पुरेशी मानावी, अशी शिफारस तिने केली. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चमध्ये दृढीकरणाआधी मुलांना देणे आता नेहमीचे आहे. इंग्लंडमध्ये २००६ च्या नियमांनुसार पॅरिशने बिशपची परवानगी घेतली तर बाप्तिस्मा झालेल्या मुलांना दृढीकरणाआधी देता येते, आणि एका ठिकाणी प्रवेश मिळालेल्या मुलाला दुसऱ्या पॅरिशमध्ये नाकारता येत नाही. तेव्हा पाळकसाहेबांशी आणि गरज पडल्यास बिशपसाहेबांशी बोलावे. वेदीवर हात पुढे करून अचानक मागणे मात्र पाळकांवर अन्याय करणारे आहे, मग मागणारी मुलगी कितीही गोड असो.

दुसरा मुद्दा कॅथलिक बाजूचा. तिचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करील. तो पुन्हा होणार नाही. परंतु मावसबहिणीच्या रांगेत उभे राहायचे असेल, तर तिला आधी कॅथलिक चर्चच्या पूर्ण सहभागितेत घ्यावे लागेल. आज आईच्या चर्चमध्ये आणि पुढच्या रविवारी वडिलांच्या, असे दोन्हीकडे घेणे कॅथलिक नियमात बसत नाही. शिवाय मिश्र विवाहाच्या वेळी कॅथलिक जोडीदाराकडून मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन घेतले जाते. वानवडीकरांच्या घरात त्यावर काय बोलणे झाले असेल ते मी विचारत नाही.

वसईची_लेक | मंगळवार, दुपारी १:०२

न विचारताच सगळे विचारलेत.

वानवडीकर | गुरुवार, रात्री ११:२०

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण कायदेकानू यांनी न विचारलेल्या प्रश्नावर आमच्या घरी दोन रात्री बोलणे चालले होते. बाप्तिस्म्याच्या वेळी पत्नीने माझ्या आईच्या आजारपणामुळे माघार घेतली होती. ते वचन तिच्या मनात आठ वर्षे सलत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी मात्र हा प्रश्न मुलीचा आहे असे समजून धागा काढला.

काल संध्याकाळी पाळकसाहेबांकडे गेलो, तिघेही गेलो. त्यांनी आधी मुलीची माफी मागितली. "तू हात पुढे केलेस आणि मी गडबडलो," असे तिला सांगितले. मग तिला विचारले, "मी दिले असते तर ते काय होते?" ती म्हणाली, "येशूचे जेवण. पण माझे पान अजून वाढलेले नाही." हे तिला कुणी शिकवले ते मला माहीत नाही, माझी आई लग्नाच्या पंगतीत असे बोलत असे.

पाळकसाहेबांनी स्पष्ट सांगितले की ते स्वतःच्या अधिकारात तिला देणार नाहीत, पण बिशपसाहेबांना पत्र लिहितील. त्याचे उत्तर कधी येईल आणि काय येईल, हे त्यांनाही ठाऊक नाही. पत्नीचे म्हणणे असे की तोपर्यंत मुलीने तिकडचा वर्गही ऐकावा आणि कोणत्या पंगतीत बसायचे ते आम्ही तिघांनी वर्षभराने ठरवावे. मला हे पूर्णपणे पटले आहे असे नाही. मला भीती वाटते की वर्ग ऐकला की निर्णय झालाच. तरी हो म्हणालो.

नानापेठेतल्या बाई, तुमच्या किंवा इतर कोणत्या वर्गात अशा मुलीला नुसते बसू देतात का?

खडकीचा_मल्याळी | गुरुवार, रात्री ११:४१

सहा महिन्यांची असताना आमच्याकडे आणली असती तर हे सगळे वाचले असते. विनोद समजून घ्यावा.

मोठे_काका | शुक्रवार, सकाळी ५:५०

पाळकसाहेबांनी माफी मागितली हे वाचून बरे वाटले.

नानापेठेतली_बाई | शुक्रवार, सकाळी ८:१५

वानवडीकर, फादरांना विचारले. नाव पटावर येणार नाही, पापनिवेदनाच्या आणि सरावाच्या रांगेत ती नसेल, पण वर्गात बसायला हरकत नाही. वर्ग शाळा सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर असतो. वही आणि रंगीत खडू पाठवा. पहिल्या दिवशी मुलांना आपापल्या घरच्या जेवणाच्या जागेचे चित्र काढायला लावते, कोण कुठे बसते ते नावांसकट.